ग्रिप्स वाढत्या मापाच्या घेऊ नका

मुलांसाठी काही घ्यायचं झालं की आपला हात आपोआप एका मापाने मोठ्या वस्तूकडे जातो. शाळेचा फ्रॉक खालून दुमडून शिवायचा, बुटाच्या पुढच्या टोकात सुरुवातीला थोडा कापूस कोंबायचा, स्वेटर निदान दोन हिवाळे गेला पाहिजे. वाढत्या अंगाचं घेणं हा घराघरातला जुना शहाणपणा आहे आणि बहुतेक वस्तूंना तो लागू पडतो. जिम्नॅस्टिक्सच्या ग्रिप्सना, म्हणजे बार धरताना तळहातावर बांधायच्या चामडी पट्ट्यांना, मात्र तो लावला, तर लेकराच्या हाताला दुखापत होऊ शकते.

मी लहान मुलींच्या बॅचला आडव्या बारवरच्या कसरती शिकवायला मदत करते. मध्यंतरी एका आठ वर्षांच्या मुलीचे बाबा मोबाइल घेऊन आले, ऑर्डरचं पान उघडलेलंच होतं. म्हणाले, "ताई, हिच्या मापाचा एक नंबर येतोय. मी दोन नंबर मागवू का? वर्षभर तरी जाईल." मी म्हटलं, "अहो, बूट असते तर मीच हो म्हटलं असतं. पण ग्रिप मोठी झाली तर हात बारवर अडकतो." त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना हे पटलं नाही. त्यांची काही चूक नव्हती. ग्रिप काम कशी करते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं आणि वेळ नसल्यामुळे मीही चार वाक्यांत आटोपलं. ते राहून गेलेलं इथे नीट सांगते.

ग्रिप म्हणजे तळहातावर बसणारा चामड्याचा पट्टा. वरच्या टोकाला बोटं घालायला भोकं असतात, खालच्या टोकाला मनगटाभोवती बांधायचा पट्टा असतो. हातमोज्यासारखी ती सगळा हात झाकत नाही. अंगठा, बोटांची टोकं, हाताची मागची बाजू, सगळं मोकळं राहतं. मुलींच्या ग्रिपला दोन भोकं असतात, एक मधल्या बोटासाठी आणि एक अनामिकेसाठी. बहुतेक ग्रिप्समध्ये या भोकांच्या जरा खाली चामड्याच्या घडीत एक छोटी गोल दांडी शिवलेली असते. इंग्रजीत तिला डॉवेल म्हणतात, आपण दांडीच म्हणू. या लेखातली निम्मी गोष्ट त्या दांडीची आहे.

आधी हे पाहू की हातांवर एवढं येतं काय. बारला नुसतं लटकलेल्या 24 किलोच्या मुलीचे दोन हात मिळून 24 किलो पेलतात. ती झोका घ्यायला लागली की गणित बदलतं. अंग आडवं असताना सोडलेला झोका बारच्या बरोबर खाली येतो, त्या क्षणी हातांवरची ओढ वजनाच्या साधारण अडीच पट होते, म्हणजे 60 किलो. बारवर हातांवर उभं राहून पूर्ण चक्कर मारली, ज्याला जायंट म्हणतात, तर तळाशी हीच ओढ चौपटीच्या आसपास जाते. झोपाळ्यावर जोरात झोका घेताना खाली आल्यावर पोटात गोळा येतो आणि अंग जड वाटतं, ते हेच. फरक इतकाच की झोपाळ्यावर ते वजन फळी घेते, इथे दोन छोटे तळहात घेतात.

त्यातच हात बारभोवती फिरतही असतो. बार कातडी धरून ठेवतो आणि आतली हाडं पुढे जातात. कातडीचे थर एकमेकांवरून सरकतात, मधे पाणी भरतं, फोड येतो. पुढच्या झोक्याला तो फोड सोलून निघतो. जिममधली मुलं त्याला "रिप आली" म्हणतात. घट्टे पडलेल्या हातालाही हे होतं, उलट जास्त होतं, कारण घट्ट्याची उंच कड बारला अडकते आणि सगळा तुकडाच निघतो.

आता ग्रिप काय करते ते भाजीच्या पिशवीवरून सांगते. बटाट्या-कांद्याने भरलेल्या पिशवीचे बंद बोटांत रुततात, तेव्हा आपण बंदाखाली रुमालाची घडी घालतो. वजन तेवढंच राहतं, बोटांनी धरायचंही तेवढंच, फक्त कातडी वाचते. दांडी नसलेली साधी ग्रिप एवढंच करते. दांडीची ग्रिप हे वेगळंच साधन आहे. समजा बंदात एक आकडा अडकवला आणि तो आकडा मनगटाला बांधलेल्या पट्ट्याला जोडला, तर बोटं थोडी सैल पडली तरी पिशवी पडणार नाही. मुलगी बार धरते तेव्हा चामडं बारवर वळतं, दांडी बारच्या पलीकडच्या अंगाला टेकते आणि बोटं व बार यांच्यात एक उंचवटा तयार होतो. शरीराची ओढ मग त्या उंचवट्यावरून चामड्यातून थेट मनगटाच्या पट्ट्यावर जाते. बोटांची मूठ उघडायला लागलेली असते, तिला दांडी उघडू देत नाही.

म्हणजे दांडीची ग्रिप कातडी वाचवते हे खरं, पण तिचं खरं काम पकड वाढवणं आहे. पकड वाढवणारी वस्तू चुकीच्या मापाची असली की ती चुकीच्या जागी पकडते.

लांब ग्रिपचं असं होतं. चामडं गरजेपेक्षा लांब, म्हणून दांडी असायला हवी त्यापेक्षा पुढे, बोटांच्या टोकांकडे जाते. बार धरला की ती बारला जास्त वळसा घालते आणि चामड्याचा पुढचा भाग फिरून मागच्या भागावर, स्वतःवरच, येऊन बसतो. दोन थरांमध्ये दांडी चिमटली जाते. जुन्या दाराच्या फटीत कापडाचं टोक अडकल्यावर दार हलत नाही, तसं होतं. हात बारवर जागच्या जागी थांबतो. शरीर मात्र वेगात आहे, ते थांबत नाही. मग कोपर आणि मनगट यांच्या मधल्या दोन हाडांवर सगळा पीळ येतो आणि ती मोडू शकतात. याला ग्रिप लॉक म्हणतात. असे अपघात बहुतेक करून पुरुषांच्या हाय बारवर, म्हणजे एकट्या उंच बारवर, होतात, कारण तो पोलादी बार फक्त 28 मिलिमीटर जाड असतो आणि त्याभोवती चामडं सहज पूर्ण फिरतं. मुलींचे अनइव्हन बार्स, म्हणजे एक उंच आणि एक खाली असे दोन बार, 40 मिलिमीटरचे, म्हणून तिथे हे कमी घडतं. पण कमी म्हणजे कधीच नाही असं नाही आणि मोठ्या मापाची किंवा वापरून ताणलेली ग्रिप घातली की तो कमीपणाही जातो.

मी दहा वर्षांची असताना माझ्या हातात मोठ्या ताईंच्या उतरलेल्या ग्रिप्स आल्या होत्या. त्या काळी नव्या मिळवणं अवघड होतं आणि सीनियरच्या ग्रिप्स आपल्याला मिळाल्या याचा मला कोण अभिमान. दांडी माझ्या बोटांच्या टोकांकडे येत होती. कुणी पाहिलं नाही, मी सांगितलं नाही. एका साध्या झोक्यात उजवा हात क्षणभर बारवर रुतला, डावा सुटला आणि मी वाकडी होऊन गादीवर पडले. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं. सहा आठवडे बारला हात लावता आला नाही आणि त्यानंतर बराच काळ त्या बारखाली उभं राहिलं की पोटात धस्स व्हायचं. वेग जास्त असता तर काय झालं असतं हे मला खूप नंतर, ग्रिप लॉक हा शब्द कळल्यावर समजलं. म्हणून मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

आधी हा प्रश्न: ग्रिप्स लागतात का?

अनेक पालक मुलगी वर्गात जायला लागल्याच्या दुसऱ्या महिन्यात ग्रिप्सबद्दल विचारतात. बहुतेक वेळा उत्तर "अजून नको" असं असतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी उघड्या हातांनीच बार धरावा. बार हाताला कसा लागतो, कुठे धरला की सुटत नाही, मनगट कधी वर वळवायचं, हे कातडीला कळावं लागतं आणि बोटांत ताकद यावी लागते. दांडीच्या आधारावर शिकलेला हात ही ताकद कमावत नाही. किप, म्हणजे झोक्यातून बारवर चढून हातांवर तोलणं, जमायला लागली, मोठे झोके सुरू झाले, कास्ट, म्हणजे बारवर हात टेकून पाय मागे उडवणं, उंच जायला लागली आणि बारवरचा वेळ वाढला, की कोच स्वतःच सांगतात. हे वयापेक्षा कसरतीवर ठरतं. एखादीला आठव्या वर्षी लागतील, एखादीला अकराव्या. मैत्रिणीने घेतल्या म्हणून घ्यायच्या नाहीत. कोचना न विचारता तर मुळीच नाहीत.

जिम्नॅस्टिक्सचा प्रकारही पाहा. आपल्याकडे पुष्कळ मुली रिदमिक करतात. रिबन, हूप, बॉल, क्लब्ज यांना ग्रिप लागत नाही. आर्टिस्टिकमध्येही, म्हणजे बार, बीम अशा साधनांवरच्या प्रकारातही, मुलींना ती फक्त अनइव्हन बार्सवर लागते. बीम, फ्लोअर आणि व्हॉल्ट या बाकीच्या कसरतींना ती काढून ठेवायची. मुलगा असेल तर हाय बारची जोडी वेगळी आणि रोमन रिंग्जची वेगळी. या दोन जोड्यांची अदलाबदल करायची नाही. रिंग्जची दांडी जाड असते, हाताची हालचाल निराळी असते आणि ती ग्रिप घालून बारवर गेलं तर वर सांगितलेला अपघात होऊ शकतो. दोन्ही जोड्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

काही आजोबा विचारतात, मल्लखांबाला कुठे कोण असलं काही बांधतं? प्रश्न चांगला आहे. मल्लखांबावर आपण एरंडेल तेल लावतो आणि पकड मांडी, काख, पोट, पाय अशी सगळ्या अंगाची असते. खांब उभा आहे आणि शरीर त्याला बिलगतं. बार आडवा आहे, त्याला फक्त हात लागतात आणि त्याच दोन तळव्यांवर दर झोक्याला पूर्ण वजन, वेगासकट, फिरतं. म्हणून तिथे तेल चालतं आणि इथे मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड, म्हणजे चॉक, लागते. मल्लखांब करणारी मुलं बारवर आली तर खांद्यांची ताकद घेऊन येतात. तळहात मात्र नव्याने तयार करावे लागतात.

माप घेणं

कोऱ्या कागदावर मुलीचा तळहात सपाट ठेवायला सांगा, बोटं जुळलेली आणि सरळ. मधल्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा. मग मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहात संपतो तिथे जी पहिली आडवी रेघ दिसते, तिच्याशी दुसरी खूण. दोन्ही खुणांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरपर्यंत मोजा. शिवणाची टेप वापरू नका, ती हाताच्या उंचसखल भागावरून जाते आणि माप मोठं येतं. दोन्ही हात मोजा. थोडा फरक असतोच. कागदावर तारीख लिहा आणि तो जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

हे झालं की कंपनीचा तक्ता उघडा आणि त्यात मोजायची जागा हीच आहे का ते आधी पाहा. सगळ्या कंपन्या एकाच जागेवरून मोजत नाहीत, काही तळहाताची रुंदीही विचारतात. मापाची नावंही सारखी नसतात. कुणाकडे 0, 1, 2, 3 असे आकडे, कुणाकडे एस, एम अशी अक्षरं. रायस्पोर्ट, बेली, यूएस ग्लोव्ह ही नावं तुमच्या कानावर येतील. यांपैकी एकाचा 1 नंबर म्हणजे दुसऱ्याचा 1 नंबर असं कधीही धरू नका. वय बघून तर मुळीच मागवू नका. एकाच वर्गातल्या दोन नऊ वर्षांच्या मुलींच्या हातांत दीड सेंटीमीटरचा फरक मी पाहिला आहे.

माप दोन नंबरांच्या मधे आलं तर? मी लहान नंबर घेते. चामडं वापरात सैल होतं, त्याची लांबी वाढते, कमी कधीच होत नाही. लहान नंबर थोड्या दिवसांत हाताला जमतो. मोठा नंबर पहिल्याच दिवशी मोठा असतो आणि रोज आणखी मोठा होत जातो. याला एकच अपवाद आहे, तो पुढे येईल.

वेल्क्रो की बकल, यावर पालक फार वेळ घालवतात. लहान मुलीसाठी वेल्क्रोच घ्या. तिला स्वतःला घालता-काढता आलं पाहिजे. बारकडे रांग लागलेली असताना कोचनी वीस मुलींची बकलं लावत बसायची का? दुहेरी वेल्क्रो मिळाला तर उत्तम, तो सरकत नाही. बकल जास्त टिकतं, पण ते मोठेपणी.

हातात घालून पाहताना

पार्सल आलं की लगेच बारवर जायचं नाही. घरी, चांगल्या उजेडात, शांतपणे घालून पाहा. आधी सुती रिस्टबँड. उघड्या मनगटावर ग्रिपचा पट्टा कधीच बांधायचा नाही, कातडी कापते. रिस्टबँड मनगटाच्या बारीक भागावर, तळहाताला न चिकटता. नवीन रिस्टबँड नंतर घेणार असाल तर थांबा, कारण जाड रिस्टबँडने ग्रिप वर-खाली सरकते. ज्यावर वापरायची त्यावरच माप पाहायचं.

मग बोटं भोकांत घाला. इथे बहुतेक चुका होतात. भोकं बोटाच्या मुळापर्यंत खाली ओढायची नसतात. मधल्या बोटाला तीन पेरं आहेत ना, त्यातल्या मधल्या पेरावर ती बसली पाहिजेत, म्हणजे दांडी टोकाकडच्या सांध्याच्या खाली आणि त्यापुढच्या सांध्याच्या वर येते. भोकं घट्ट असावीत पण बोट निळं पडता कामा नये. नव्या चामड्याची भोकं लहान मुलीच्या बोटालाही कधी कधी अपुरी पडतात. तेव्हा पेन्सिलीला बारीक सँडपेपर गुंडाळा आणि त्याने आतली कड घासा, हळूहळू, सारखं घालून बघत. कात्री लावू नका. कापलेल्या जागेतूनच पुढे चामडं फाटतं.

आता मनगटाचा पट्टा लावा आणि हात सरळ करायला सांगा. तळहात आणि चामडं यांच्या मधे हलकी कमान दिसली पाहिजे, एखादं बोट सरकेल एवढी. चामडं तळव्याला चिकटून ताणलेलं असेल, बोटं आत ओढली जात असतील, हात पूर्ण सरळच होत नसेल, तर ग्रिप आखूड आहे. मघाचा अपवाद हाच. अशा वेळी मोठा नंबर घ्यायचा. आखूड ग्रिपमध्ये दांडी बोटांच्या मुळाशी येते, उंचवटा चुकीच्या जागी होतो, बोटं दुखतात आणि मुलगी बार सोडते.

यानंतरची तपासणी बारशिवाय होत नाही, पण ती घरी करायची एक सोपी युक्ती आहे. नळाच्या सामानाच्या दुकानातून बाहेरून मोजून 40 मिलिमीटर भरेल अशा पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणा. जिममधल्या बारची जाडी तीच. पाइप तुम्ही दोन्ही हातांनी धरा आणि मुलीला तो वरून पकडायला सांगा, लटकायचं अजिबात नाही. नीट बसलेल्या ग्रिपचं चामडं पाइपवर सुरकुती न पडता वळतं आणि दांडी बोटांच्या आत पाइपवर टेकते. बाजूने वाकून पाहा. चामड्याचं पुढचं टोक किंवा दांडी फिरून तळव्याकडच्या चामड्याला शिवते का? शिवत असेल तर ती ग्रिप लांब आहे, परत करा. मधे चामड्याची घडी किंवा फुगा येत असेल तरीही परत करा. मनगटाचा पट्टा खाली ओढून, आवळून, रिस्टबँडच्या दोन घड्या घालून मोठी ग्रिप "बसवता" येत नाही. घाम आला, पट्टा बोटभर सरकला, की ती पुन्हा लांबच.

आणखी एक गोष्ट मला तळमळीने सांगावीशी वाटते. हे सगळं करताना मुलीला विचारा. लहान मुलं नवी वस्तू परत जाईल या भीतीने दुखतं हे सांगत नाहीत. "आवडली का?" असं विचारलं तर ती हो म्हणणारच. "कुठे टोचतंय ते बोटाने दाखव" असं सांगितलं तर ती दाखवते.

पहिले काही आठवडे

नव्या ग्रिप्स पुठ्ठ्यासारख्या कडक असतात. त्यांना हाताचा आकार यायला वेळ द्यावा लागतो. हातात घेऊन दोन्ही दिशांनी चोळा, पाइपवर वळवून दाबा, तळव्याच्या बाजूला पाण्याचा अगदी हलका हात फिरवून हातात घालून मूठ उघड-मीट करू द्या. पाण्यात बुडवायच्या नाहीत. तेल, तूप, बुटाचं पॉलिश यातलं काही लावायचं नाही. आपल्याकडे चामडं म्हटलं की तेल आठवतं, पण इथे तेल म्हणजे घसरणं.

जिममध्ये पहिल्या दिवशी नुसतं लटकायचं. मग छोटे झोके, मग ओळखीच्या सोप्या गोष्टी. प्रत्येक सत्रात दहा-पंधरा मिनिटं नवी जोडी आणि बाकी वेळ उघडे हात किंवा जुनी जोडी. पहिले काही दिवस मुलीला वाटतं की आपल्याला बार येईनासा झाला. बार जाड वाटतो, हात उशिरा फिरतो, जमलेली किप पुन्हा अडते. हे सगळ्यांना होतं आणि जातं. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली असेल तर त्या स्पर्धेआधी नवी ग्रिप सुरूच करू नका. स्ट्रॅप बारवर, म्हणजे कापडी पट्ट्यांनी हात बांधून जायंट शिकवतात तिथे, ग्रिप काढून कोच सांगतील ते हातमोजे घालायचे.

उजवी कुठली, डावी कुठली हे पहिल्याच दिवशी ठरवून आतल्या बाजूला लिहा. चामडं एकेका हाताचा आकार घेतं, नंतर अदलाबदल केली तर बसत नाही. याच कारणाने दुसऱ्याच्या वापरलेल्या ग्रिप्स घेऊ नयेत. त्या दुसऱ्या हाताच्या आकाराच्या झालेल्या असतात आणि किती ताणल्या गेल्या आहेत हे बघून कळत नाही.

ग्रिप्स घातल्या म्हणजे हात सोलायचेच नाहीत असं नाही. सोलला तर साबण-पाण्याने धुवा, लोंबणारं सालपट स्वच्छ कात्रीने काढा, रात्री पेट्रोलियम जेली लावून पातळ मोजा घाला. आंघोळीनंतर मऊ झालेले घट्टे प्युमिस दगडाने हलके घासायची सवय लावली तर निम्म्या रिप टळतात. मनगट दुखत असेल तर तो विषय वेगळा आहे. वाढत्या मुलांच्या मनगटाच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती रोजच्या भाराने दुखावू शकते. पट्टा आणखी आवळून ते दुखणं दाबू नका, बार बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

देखभाल आणि निरोप

सराव झाला की ग्रिप्स बॅगेच्या तळाशी ओल्या रिस्टबँडच्या बोळ्यात कोंबल्या जातात. पावसाळ्यात आपल्याकडे त्यांना दोन दिवसांत बुरशी धरते. सुती पिशवी ठेवा, घरी आल्यावर पंख्याखाली पसरा, उन्हात नको. चॉकचा थर साचून चामडं गुळगुळीत चकचकीत झालं की तारेच्या लहान ब्रशने हलकं खरवडा. धुवायच्या नाहीत.

दर आठवड्याला एकदा, रविवारी सकाळी म्हणा, मुलीला सोबत घेऊन ग्रिप्स उजेडात धरा. बोटांच्या भोकांच्या कडा, दांडीच्या दोन्ही बाजू, मनगटाच्या पट्ट्याची शिवण, वेल्क्रोची पकड. भोकाच्या कडेला केसाएवढी चीर दिसली तरी ती जोडी संपली. शिवून, चिकटवून चालत नाही. आणि महिन्यातून एकदा पाइपची तपासणी पुन्हा करा. इथे दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. चामडं लांबत असतं आणि मुलीचा हातही वाढत असतो. कधी हात पुढे जातो आणि ग्रिप आखूड होते, कधी चामडं पुढे जातं आणि ग्रिप लांब होते. तारखेचा तो कागद तेव्हा काढा आणि नवा तळहात त्याच्या शेजारी ठेवा.

खर्चाचं मला माहीत आहे. चांगल्या ग्रिप्स बहुतेक बाहेरून येतात, वाटेत महाग होतात आणि एका मुलीला वाढीच्या वर्षांत त्या वारंवार लागतात. म्हणूनच मी उशिरा सुरू करायला सांगते. गरज नसताना आठव्या वर्षी घेतलेल्या मोठ्या जोडीपेक्षा दहाव्या वर्षी घेतलेली बरोबर मापाची जोडी स्वस्त पडते. जुनी जोडी अजून ठीक असतानाच नवी मागवा, म्हणजे दोन्ही आलटून पालटून वापरत नवी मऊ करता येते आणि जुनी फाटेपर्यंत वाट पाहावी लागत नाही.

जुनी जोडी बाद झाली की ती कपाटात किंवा जिमच्या खोक्यात तशीच ठेवू नका. मुली त्यावर पहिल्या किपची तारीख लिहितात, ठेवायची फार इच्छा असते, तर ठेवू द्या. फक्त त्याआधी मी मनगटाचे दोन्ही पट्टे कात्रीने कापते. मग त्या धाकट्या बहिणीच्या हातात पडल्या तरी तिला त्या बांधता येणार नाहीत.